नेपल्स दाखवणे आहे

युरोपात राहणाऱ्या मराठी माणसाचा मुख्य धंदा काहीही असो, जोडधंदा ठरलेला: पाहुण्यांना शहर दाखवणं. पॅरिसवाल्यांचं बरं असतं. मनोऱ्यापाशी नेऊन उभं केलं, फोटो काढला, सुटले. आमच्या वाट्याला नेपल्स आलंय. इथे प्रवासपुस्तकंही कामाची नाहीत, कारण ती जर्मन आणि इंग्रज माणसासाठी लिहिलेली असतात. त्यांत ज्याची भीती घातलेली असते ते आपल्या माणसाच्या लक्षातसुद्धा येत नाही, आणि ज्याला आपला माणूस खरोखर घाबरतो त्याचा पुस्तकात उल्लेखच नसतो.

गेल्या वसंतात कराडहून मावशी आणि काका आले. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उमेदीची सगळी वर्षं कोयनेवर गेलेली. मावशी निवृत्त मुख्याध्यापिका.

पुस्तकातला पहिला इशारा वाहतुकीचा. नेपल्समध्ये लाल दिवा हा आदेश नसून सूचना आहे, स्कूटरवर तिघं बसतात, फुटपाथवरूनही गाडी येऊ शकते, वगैरे. रस्ता ओलांडताना चालकाच्या डोळ्यांत बघा, वेग बदलू नका, मध्येच थांबू नका, असा सल्ला दिलाय. गारिबाल्दी चौकात मी हे काकांना नीट समजावून सांगत होतो, तर काका पलीकडे पोचलेसुद्धा. डावा हात किंचित आडवा धरला, ‘थांब रे बाबा’ एवढं मराठीत म्हणाले, आणि दोन बस, एक टेम्पो आणि असंख्य स्कूटरी त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहून गेल्या. झेब्रा पट्ट्यांपाशी पाठीवर सॅक घेतलेलं एक गोरं जोडपं बराच वेळ ताटकळत होतं. ते बघून काका परत अलीकडे आले, त्या दोघांना मागे घेतलं आणि पुन्हा पलीकडे नेऊन सोडलं. दोघांनी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. काकांना त्यात आभार मानण्यासारखं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसरा इशारा स्पॅनिश वस्तीचा. सोळाव्या शतकात स्पेनच्या फौजेसाठी वसवलेला हा भाग. अरुंद बोळ, वर आभाळाची एक चिरोटी, आणि या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत वाळत घातलेले कपडे. पुस्तक म्हणतं ‘मोहक, पण सावध राहा’. मावशीने मान वर करून कपडे बघितले आणि म्हणाली, “चिमटे किती लावलेत बघ. वारा असणार.” तेवढ्यात चौथ्या मजल्यावरून एका आजीबाईंनी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, भाजीवाल्याने तीत काहीतरी भरलं, आणि मावशीचं पूर्ण समाधान झालं. फुटबॉलपटू मारादोनाच्या भल्यामोठ्या भित्तिचित्रापाशी माणसं टोप्या काढून उभी होती. १९८४ ला तो इथे खेळायला आला आणि १९८७ व १९९० ला त्याने या गावाला विजेतेपद मिळवून दिलं. त्याचा एक केस म्हणे इथल्या एका कॉफीच्या दुकानात देव्हाऱ्यात ठेवलाय. हे सगळं ऐकून काकांनी एकच प्रश्न विचारला, “जयंती कधी असते?” ३० ऑक्टोबर, म्हटलं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

म्हणजे भीतीची यादी संपली. आता खरे प्रश्न.

आम्ही राहतो व्होमेरो टेकडीवर. हे शहर आडवं कमी आणि उभं जास्त, त्यामुळे खाली गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे. अशा चार आहेत, सर्वांत जुनी १८८९ ची. तिकीट मात्र तंबाखूच्या दुकानात मिळतं. मावशीने आयुष्यभर पोरांच्या दप्तरांतून पुड्या जप्त केलेल्या. ती दारातच थांबली. “तू जा आत. मी बाहेर उभी राहते. कुणी ओळखीचं बघितलं तर?” नेपल्समध्ये! ओळखीचं!

मग चहा. नेपल्समध्ये चहा आजारी माणसाला देतात. मावशीने मागितला तेव्हा दुकानदाराने आधी काळजीने तिच्याकडे बघितलं, मग गरम पाण्याचा कप, पुडी आणि लिंबाची चकती आणून ठेवली. मावशीने दूध मागवलं. ते गार आलं. तिने लिंबू पिळलेल्या चहात ते ओतलं, व्हायचं ते झालं, आणि ती शांतपणे म्हणाली, “आता एक पंचा मागव, पनीर बांधून ठेवते.”

कॉफीचं दुःख वेगळं. इथे कॉफी उभ्याने प्यायची असते. टेबलाशी बसलात की तीच कॉफी महाग होते. आधी गल्ल्यावर पैसे, मग पावती पुढे सरकवायची. सोबत पाण्याचा ग्लास येतो, ते पाणी कॉफीच्या आधी प्यायचं. कप उकळत्या पाण्यात तापवलेले असतात, त्यामुळे पहिल्या घोटाला ओठ जातो. काकांनी तळाशी साचलेला तो काळा ऐवज बघितला. “हे चाखायला दिलंय का?” नाही, एवढीच असते. मग मी त्यांना इथली जुनी, खरोखर सुंदर रीत सांगितली: दोन कॉफींचे पैसे देऊन एकच प्यायची, दुसरी कुणा अनोळखी गरजूसाठी ‘टांगून’ ठेवायची. काका हेलावले. त्यांनी लगेच एक टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच दुकानात जाऊन उभे राहिले. “विचार त्याला, काल कुणी प्यायली का? नोंद कुठे ठेवतात?” सरकारी नोकरीतली सवय. चौथ्या दिवसापासून दुकानदार त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, प्यायली, प्यायली!

शाकाहाराबद्दल थोडक्यात. पिझ्झाची चिंता नको. मारिनारा नावाच्या पिझ्झात मासा नसतो आणि चीजही नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. भट्टी इतकी तापलेली असते की दीड मिनिटात तो ताटात येतो. चिंता पास्त्याची. बटाट्याचा पास्ता हा इथला घरगुती प्रकार, नावात मांसाचा मागमूस नाही, पण “यात मांस आहे का?” असं विचारल्यावर “अजिबात नाही” म्हणणारा वाढपी, त्यातले गुलाबी तुकडे दाखवले की म्हणतो, “हे? हे चवीपुरतं.” आणि रात्री साडेसातच्या आत स्वयंपाकघर उघडत नाही. कराडची भूक सातला लागते. पिशवीत चिवडा ठेवा.

स्फोल्यातेल्ला मात्र मावशीला जिंकून गेली. पापुद्र्यांची शिंपल्यासारखी गरम मिठाई, आत रवा, रिकोट्टा चीज आणि संत्र्याची साल. “अरे, हा तर शिरा भरलाय!” पारंपरिक पद्धतीत त्या पापुद्र्यांना डुकराची चरबी लावतात, काही जण लोणी वापरतात, तेव्हा विचारून घेऊ या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मावशीने हात वर केला. “विचारू नकोस. विचारलं की खाता येत नाही.”

काकांना मी सान्सेव्हेरोच्या चॅपेलमध्ये नेलं. तिथला संगमरवरी बुरख्याखालचा ख्रिस्ताचा पुतळा, १७५३ चा, आरक्षण बरंच आधी करावं लागतं. काका पाच मिनिटांत बाहेर. शेजारच्या पोत्झुओली गावात मात्र हलेनात. तिथे रोमन बाजारपेठेचे तीन खांब उभे आहेत, आणि माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर त्यांना समुद्री शिंपल्यांनी भोकं पाडलीयत. म्हणजे जमीन एकदा समुद्रात बुडाली आणि पुन्हा वर आली. खाली ज्वालामुखी आहे. १९८२ ते १९८४ या काळात गाव सुमारे १.८ मीटर वर उचललं गेलं, आणि आताही उचललं जातंय. धरणवाल्या माणसाला यापुढे दुसरं देऊळ कशाला हवं?

त्या रात्री जमीन हलली. सगळी इमारत कोट-पांघरुणं घेऊन चौकात. काका अंथरुणातूनच म्हणाले, “साडेतीन असेल.” थोड्या वेळाने व्हेसुव्हियस वेधशाळेचा आकडा आला. ही १८४१ ची, जगातली सर्वांत जुनी ज्वालामुखी-वेधशाळा. तिच्यात आणि काकांच्यात एका दशांशाचा फरक. मावशी उठलीच नाही. सकाळी म्हणाली, “११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर मी भूकंपाला उठायचं सोडलं.” तेव्हापासून जमीन जरा हलली की खालच्या मजल्यावरची बाई माझ्या दारात येऊन ‘इंजिनियर’ कुठे आहेत असं विचारते.

शेवटची खरेदी सान ग्रेगोरियो आर्मेनोच्या गल्लीत, जिथे वर्षभर नाताळच्या देखाव्याच्या मूर्ती घडवतात. सगळीकडे लटकलेली ती लाल, वाकडी वस्तू बघून मावशी खूश: “यांच्याकडेपण मिरची बांधतात!” मिरची नाही, शिंग आहे, काम मात्र तेच, दृष्ट काढायचं. अट एवढीच की स्वतः विकत घेतलेलं शिंग लागू पडत नाही, दुसऱ्याने द्यावं लागतं. मावशीने शेजारणींसाठी भराभर निवडली. मग स्वतःचं. तिने माझ्या हातात दहा युरो ठेवले: “घे, तू मला दे.” दुकानदाराने जीभ चावली, पैसेही देणाऱ्याचेच हवेत. मावशीने नोट परत पर्समध्ये टाकली. “मग दे की तुझे.” काका मागून म्हणाले, “मलाही एक.”

मी दोन घेतली. माझ्यासाठी कुणीच घेतलं नाही, आणि पुढच्या महिन्यात सासरचे सहा जण येताहेत.