कात्री माझी, वही साडूंची

"ह्यांच्याकडे तसल्या सीन्सचं वेगळं कलेक्शन आहे," असं माझ्या साडूंनी परवा भर बैठकीत सांगितलं. सासूबाई समोर बसलेल्या. आवाज मुद्दाम खाली आणून सांगितलं, त्यामुळे शेवटच्या खुर्चीपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. कोपऱ्यात डुलक्या काढणाऱ्या मावससासऱ्यांना एरवी दाराची बेलही उठवू शकत नाही. तेही डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. त्या नजरेत निषेध असता तर एक वेळ चाललं असतं. होती ती चौकशी.

वस्तुस्थिती अशी की घरात सिनेमांनी भरलेली एक हार्ड डिस्क आहे. सुट्टीत दोन्ही घरची पोरं एकत्र येतात, सहा ते अकरा वयाची. त्यांना ती बिनधोक लावून देता यावी म्हणून त्यातलं नको ते कापायचं, असं दोघी बहिणींनी आपापसांत ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं, कारण मला 'त्यातलं कळतं'. (घरात एकदा बंद पडलेला प्रिंटर चालू करून दाखवला की माणसाचं पुढचं आयुष्य असं जातं.)

आता मी कामाला काटेकोर माणूस. कापलेला तुकडा फेकून द्यायला हात धजत नाही. आज सहा वर्षांची असलेली पोर उद्या सोळाची होईल, तेव्हा सिनेमा पुन्हा अखंड जोडून देता यायला हवा. म्हणून प्रत्येक तुकडा सिनेमाचं नाव आणि वेळ घालून 'काढलेले' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवला. साडूंना टीव्हीवर कार्टून शोधताना नेमका तोच सापडला. बाहेर सगळे सोवळ्यातले सिनेमे, आणि आत त्याच सिनेमांतली चुंबनं, आंघोळी, शिव्या आणि खून, मधल्या कथानकाचा व्यत्यय वगळून, नंबरवार. तो फोल्डर मूळ सिनेमांपेक्षा जास्त खिळवून ठेवतो हे मलाही मान्य आहे. पण त्याला कलेक्शन म्हणायचं?

तुकडे जपणं ही विकृती नव्हे, याला इतिहासाचा दाखला आहे. मायकेलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर 'अंतिम निवाडा' रंगवला, तो 1541 मध्ये लोकांसमोर आला. त्यात संत-महंतांसकट सगळे बरेचसे उघडे. धर्ममार्तंड अस्वस्थ. शेवटी 1565 मध्ये दानिएले दा वोल्तेर्रा नावाच्या चित्रकाराला परांचीवर चढवून उघड्या मंडळींना वस्त्रं रंगवायला लावली. तो बिचारा मायकेलअँजेलोचा चाहता, स्वतः उत्तम कलावंत. पण इतिहासात त्याचं नाव राहिलं ते 'चड्डीवाला' म्हणून. सभ्यतेचं काम करणाऱ्याला समाज असाच मोबदला देतो. मुद्दा वेगळा आहे. वस्त्रं चढण्याआधीच, 1549 मध्ये, मार्चेल्लो वेनुस्तीनं त्या चित्राची एक नक्कल करून ठेवली होती, आणि मूळ चित्र कसं होतं हे आज तिच्यावरून कळतं. म्हणजे वेनुस्तीकडेही एक फोल्डर होता. त्याचे साडू बैठकीत काय बोलले याची नोंद नाही.

माझे साडू हिशेबतपासनीस आहेत. हे आधी सांगायला हवं होतं. मी कापाकापी करतोय हे कळल्यावर ते रात्री जेवून 'जरा हातभार लावायला' आले, ते लांबट वही आणि हिरवं पेन घेऊनच. वहीत रकाने आखलेले: अनुक्रमांक, चित्रपट, वेळ, आक्षेप, शेरा. माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्ही कापा साहेब, मी फक्त तपासतो."

पहिल्याच सिनेमात खलनायक एका म्हाताऱ्याला गोळी घालतो. मी कात्री उचलणार तोच साडू म्हणाले, "राहू द्या."

"अहो, खून आहे."

"हो, पण रक्त कुठे दिसतंय? आणि पुढे त्याला शिक्षा होते. मुलांना कळलं पाहिजे." शेरा पडला: ठीक.

पुढे नायक धावत्या गाडीच्या टपावरून उडी मारतो. ठीक. एका गुंडाला पंख्याला उलटं टांगतो. ठीक, "मजा येते मुलांना." मग एक कॉलेजातला पोरगा बापाला सांगतो, अभ्यासाला चाललोय, आणि मित्रांबरोबर फिरायला जातो. साडू खुर्चीत सरळ झाले. "हे काढा."

"यात काय आहे?"

"खोटं बोलतोय तो. बापाशी!"

त्यानंतर नायिका घटस्फोट मागते, तिथे साडूंनी पेनाचं टोपण चावलं आणि शेऱ्यात 'चर्चा करणे' असं लिहिलं. आणखी पुढे नायक साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटून ताठ मानेनं निघून जातो. हा प्रसंग त्यांनी दोनदा बघितला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या ऑफिसातलं मला थोडंफार माहीत आहे, म्हणून मीही बोललो नाही. अखेर म्हणाले, "हे तर आधी काढा."

आणि मग चुंबन आलं.

सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात. तीन सेकंदांच्या चुंबनाची बहात्तर होतात. एरवी डोळ्यासमोरून भुर्रकन जाणारी ही गोष्ट नेमकी कुठे कापायची हे ठरवायला एकेक चित्र पुढे सरकवावं लागतं. मध्यरात्र उलटून गेलेली, घर झोपलेलं, आणि आम्ही दोन संसारी गृहस्थ खांद्याला खांदा लावून पडद्यात डोकं घातलेलं.

"इथून काढू," मी म्हणालो.

"अजून मागे. अजून. हां, तिनं डोळे मिटले ना, तिथून."

"डोळे मिटणं आक्षेपार्ह आहे?"

"हेतू दिसतो ना साहेब."

शेवट कुठे, यावर दुसरा वाद. मी म्हणत होतो ओठ सुटले की सुरू करू. साडूंच्या मते त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते जास्त धोक्याचं. "पुन्हा लावा बरं." लावलं. "जरा हळू." हळू लावलं. "ओठ लागलेत का नक्की? की गाल आहे?" हा प्रश्न त्यांनी इतक्या तटस्थपणे विचारला की जणू पावतीवरचा आकडा तीन आहे की आठ. गाल निघाला असता तर बहुधा शेरा 'ठीक' पडला असता. पुढच्या काही रात्री त्यांनी फक्त या सदराचीच तपासणी केली. खुनांना ते येत नसत.

एवढं करून कात्री हवी तिथे लागत नाही ती नाहीच. व्हिडिओच्या फाइलमध्ये दर क्षणाचं पूर्ण चित्र ठेवलेलं नसतं. ठरावीक अंतरानं एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या जागी, आधीच्यापेक्षा काय बदललं, एवढंच टिपून ठेवलेलं असतं. त्यामुळे फाइल नव्यानं न बनवता कापायचं तर काप जवळच्या पूर्ण चित्रापाशी घसरतो. नव्यानं बनवायचं तर कॉम्प्युटर रात्रभर घरघरत बसतो आणि सकाळी बायको विचारते, एवढं काय चाललं होतं रात्रभर. मी घसरलेला काप पत्करला. परिणाम असा की दोघं एकमेकांकडे झुकतात, झुकतात, आणि पुढच्याच क्षणी मोटरसायकलवर हेल्मेट घालून बसलेले दिसतात. पोरांनी याचा अर्थ लावला: ती त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावून देत होती.

खून मात्र मी साडूंचं न ऐकता काढले होते, आणि तिथे मोठीच पंचाईत झाली. माणूस दिसायचा, बोलायचा, आणि मग कायमचा नाहीसा व्हायचा. "काका, ते आजोबा कुठे गेले?" मी पहिल्यांदा सहज म्हणालो, "गावाला गेले." तेच पुढे चालू ठेवावं लागलं. नायकाचा भाऊ गावाला गेला. बँकेतला पहारेकरी गावाला गेला. एका सिनेमात तर इन्स्पेक्टर दोन तास, पावसात, जिवावर उदार होऊन अशा माणसाचा शोध घेतो जो पोरांच्या हिशेबी नुसता गावाला गेलेला आहे. शेवटच्या मारामारीनंतर खलनायकाची पूर्ण टोळीच गावाला गेली. मग एके दिवशी सासरेबुवा बॅग भरून दारात उभे राहिले आणि धाकटीला म्हणाले, "बाळ, मी गावाला जातो हं." तिनं जो टाहो फोडला तो कापायला माझ्याकडे काही साधन नव्हतं.

शिव्यांचं काम त्या मानानं सुबक झालं होतं. सिनेमाचा आवाज सहा वाटांनी येत असेल तर संवाद बहुतेक करून मधल्या वाटेत असतात. तेवढी एकच वाट क्षणभर बंद केली की पाऊस पडत राहतो, संगीत वाजत राहतं, आणि शिवी तेवढी गुल. मी स्वतःवर इतका खूश झालो की बायकोला उठवून दाखवलं. तिनं काही कौतुक केलं नाही. पण सबटायटलची फाइल वेगळी असते. आवाज गेला तरी खाली अक्षरं जशीच्या तशी. आणि सहा वर्षांची भाची नुकतीच वाचायला शिकलेली. तिनं ती शिवी अक्षराला अक्षर जोडून, बोटानं दाखवत, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. नुसती ऐकली असती तर विसरली असती. आता तिला ती लिहिताही येते.

या प्रकरणानंतरच बैठकीतला तो कलेक्शनचा उद्गार आला. त्याला साडूंनी जोड दिली, "कापायचं म्हणजे आधी सगळं कळावं लागतं ना." आता हा टोमणा जुना आहे आणि जिव्हारी लागणारा आहे. इंग्लंडमध्ये 1807 साली शेक्सपिअरच्या वीस नाटकांची, घरात मुलाबाळांसमोर वाचता येईल अशी सोज्वळ आवृत्ती निघाली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. पुढे 1818 मध्ये वाढवलेली आवृत्ती आली ती टॉमस बाउडलर या डॉक्टरच्या नावावर, आणि नाव झालं ते त्याचंच. पहिली कापाकापी केलेली होती त्याच्या बहिणीनं, हेन्रिएटानं. अविवाहित बाई. नाव लावलं असतं तर शेक्सपिअरमधला प्रत्येक चावट श्लेष तिला नीट समजलाय, हे जगजाहीर झालं असतं, म्हणून ती गप्प राहिली असं मानतात. हेन्रिएटाबाई, मी तुमच्या बाजूनं आहे. फक्त तुमच्या वेळी शेजारी बसून 'पुन्हा वाचा, जरा हळू' म्हणणारं कुणी नसावं.

माझा चेहरा पडलेला बघून साडूंना बहुधा दया आली, म्हणून त्यांनी विषय कायद्यावर नेला. फोनवर काहीतरी वाचून म्हणाले, "तिकडे अमेरिकेत यासाठी आत टाकतात." आत टाकत नाहीत. मी नंतर बसून बघितलं. सिनेमे कापून त्याच्या प्रती विकणाऱ्या कंपन्यांना तिथल्या कोर्टानं 2006 मध्ये मनाई केली, आणि 2019 मध्ये गाळीव सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीला ज्युरीनं 6 कोटी 24 लाख डॉलरची भरपाई लावली. पण 2005 च्या तिथल्या कायद्यानं घरातल्या घरात बघताना नको तो भाग ओलांडून जायला मुभा आहे, बदललेली कायमची प्रत तयार केली नाही म्हणजे झालं. थोडक्यात, कापू नका, उडी मारा. म्हणजे आमच्या लहानपणी घरातलं मोठं माणूस रिमोटवर झडप घालून सीन पुढे पळवायचं, तेच. त्या वेगात नायक-नायिका दाणे टिपणाऱ्या चिमण्यांसारखे दिसायचे आणि आम्ही ते मन लावून बघायचो. इतक्या रात्री जागून मी जे केलं त्याऐवजी एक रिमोट पुरला असता, हे त्या बैठकीत कुणी बोललं नाही. बायकोनं फक्त माझ्याकडे बघितलं.

हे सगळं चालू असताना नऊ वर्षांची भाची, साडूंचीच मुलगी, तिथे बसली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही कापता ते कंटाळवाणंच असतं. ते आलं की आम्ही पाणी प्यायला जायचो. आता मधे उठताच येत नाही."

मी विचारलं, "मग काय कापू?"

तिनं विचार करायला क्षणही घेतला नाही. "तो कुत्रा दारात बसून राहतो आणि कुणी येतच नाही, ते. आणि त्या मुलीचे बाबा जेवताना एकदम ताट सरकवतात, ते. आणि आई आतल्या खोलीत जाऊन दार लावते ना, आवाज येत नाही, ते तर काढाच." यातल्या एकाही प्रसंगाला मी हात लावला नव्हता. त्यात कुणी मरत नाही, कुणी कुणाला शिवत नाही. कुठल्याच फिल्टरमध्ये ते अडकले नसते.

बैठक थोडी गप्प झाली. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. साडूंनी कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "मी साहेबांना पहिल्यापासून हेच सांगत होतो."

नव्हते सांगत. जेवतानाचं ते ताट अनुक्रमांक सतरा आहे, पुढे हिरव्या शाईत 'ठीक' लिहिलंय, आणि ती वही त्या रात्री ते माझ्याकडेच विसरून गेलेत.