तिला चंद्र बघू द्या

सकाळपासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर नुसता कल्ला चाललाय. कालच्या विसर्जन मिरवणुकीने कुणाच्या पायांचे तुकडे पडलेत, कुणाच्या कानात अजून ढोल वाजतोय. एकीच्या गुडघ्याचे टाके निघाले, एकीच्या लेकाची बदली एकदाची नाशिकला झाली, एक पितृपक्षाच्या सामानाची यादी करत बसलीये. आणि मधे मधे आज, 7 सप्टेंबर 2025 च्या रात्रीचं चंद्रग्रहण बघायचा बेत. साडेनऊला आमच्या गच्चीवर जमायचं, चटया कुणी आणायच्या, चहाचा थर्मास कुणी, दुर्बीण कुणाच्या नवऱ्याची. दुबईवालीकडे घड्याळात साडेनऊ वाजता खग्रास, ती म्हणते मी बघून वेळेत झोपणार. लंडनवालीकडे तर चंद्र उगवेल तोच तांबडा. न्यू जर्सीवाली हिरमुसलीये, तिच्याकडे तेव्हा भर दुपार.

मग एकीचा मेसेज आला. "सुनेला नाही आणत गं. सातवा लागलाय. विषाची परीक्षा कशाला?" त्याखाली पटापट जोडलेले हात. "बरोबर आहे." "काळजी घे." "खोलीत जप करत बसू दे तिला."

मला राग आलाय. ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तिथे लगेच "जाऊ दे गं" सुरू होतं. म्हणून इथे लिहिते. तो मेसेज टाकणारी वाचेल. वाचावंच तिने.

कसलं विष? पृथ्वीची सावली चंद्रावर पडणार, एवढंच. 9:57 ला सावली लागेल, 11 ला चंद्र पुरता सावलीत जाईल, 12:22 पर्यंत तसाच राहील. तांबडा दिसेल, कारण आपल्याच हवेतून वाकून गेलेला उजेड तेवढा त्याच्यापर्यंत पोचतो. त्यातला निळा इथेच विखुरतो, लाल पुढे जातो. सूर्यग्रहणाला डोळे जपावे लागतात, त्यासाठीचा खास चष्मा लागतो. चंद्रग्रहणाला काही म्हणजे काही लागत नाही. हे आपण सगळ्या एकाच वर्गात, एकाच बाकांवर बसून शिकलोय ना?

16 फेब्रुवारी 1980. सोलापूर. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या खालून कारवार-रायचूरवरून गेला, आपल्याकडे सूर्याची बारीक कोर उरली होती. रस्ते ओस. माझ्या धाकट्या काकूला दिवस गेलेले. आज्जीने तिला मधल्या खोलीत बसवलं, खिडकीला घोंगडी लावली, दाराला बाहेरून कडी. विळी, सुई, कात्री सगळं काढून घेतलं. सोबतीला म्हणून मला आत ढकललं. वर पत्रा तापलेला. काकूने दोनदा पाणी मागितलं. आज्जी दारापलीकडून म्हणाली, थोडं सोस.

आज्जी दुष्ट नव्हती. काकूची बाळंतपणं तिनेच काढली, रात्र रात्र जागून. पण त्या दुपारी एक गरोदर बाई पाण्यावाचून पत्र्याखाली बसून होती आणि घरातल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला आजही सहन होत नाही.

आणि ही गोष्ट कुठली? सोलापूर जिल्ह्यातली. ज्या जिल्ह्यातल्या जेऊरला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल येऊन राहिले, पुण्याहून प्राध्यापक नायगमवाला दुर्बिणी घेऊन आले. जेमतेम दोन मिनिटांसाठी! त्याच ग्रहणाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गावर होते, तिथे दुर्बिणी ठेवायचे 'साहेबाचे ओटे' अजून दाखवतात. लोक सातासमुद्रापलीकडून आमच्या जिल्ह्यात ग्रहण बघायला आले, आणि त्यानंतर 82 वर्षांनी माझी काकू त्याच जिल्ह्यात कडीबंद.

पण काकूने ग्रहण पाहिलं. आज्जीला कधी कळलं नाही. पत्र्यातला एक खिळा निसटला होता, त्या भोकातून रोज जमिनीवर गोल कवडसा पडायचा. त्या दुपारी तो एका बाजूने खाल्ला जायला लागला. आधी मला वाटलं, वर पान अडकलं असेल. काकू टक लावून बघत राहिली, मग सरकून तिने हात पुढे केला. तळहातावर लिंबाच्या फोडीसारखी उजेडाची कोर. ती बारीक होत गेली, मग हळूहळू पुन्हा भरली. काकू पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हातावर सूर्य बघत होती आणि तहान विसरून हसत होती. मग बाहेर "दे दान, सुटे गिराण" ऐकू आलं आणि कडी निघाली.

चुलतभाऊ आज पंचेचाळीस वर्षांचा आहे. ट्रेकला माझ्या कायम पुढे असतो.

कुणी म्हणेल, ज्याचं त्याचं घर. असेल. लिफ्ट आमच्या गच्चीपर्यंत जात नाही, शेवटचा जिना अरुंद आहे, सातव्या महिन्यात तो चढायला लावू नये, हेही मान्य. ढग आडवे येतील, तेही मान्य. पण यातलं एकही कारण तू दिलं नाहीस. आणि पंचांगच मानायचं तर त्यातही गर्भवतींना, आजाऱ्यांना, लहान मुलांना वेधांत सूट आहे. आपण पंचांगापेक्षाही कडक व्हायचं?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला, कारण मला तू आठवलीस गं. 1995 ची दिवाळी, 24 ऑक्टोबरची सकाळ. मी तुझ्याकडे फराळाला आले होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर खग्रास दाखवत होते आणि तुझ्या सासूबाईंनी तुला आत बसवलं होतं. दाराआडून तू सारखी विचारत होतीस, "झालं का? कसं दिसतंय? सांग ना." तेव्हा पोटात होता तोच हा मुलगा, ज्याच्या बायकोला तू आज आत बसवणार आहेस. तुला भीती वाटते, कळतं मला. पहिलं नातवंड आहे. काही झालं तर लोक कुणाकडे बोट दाखवतील, हेही कळतं. त्या भीतीला मी हसणार नाही. पण ती भीती तुझी आहे, तिची आहे का?

आम्ही एवढ्या जणी सकाळपासून तिच्याबद्दल बोलतोय. ती आमच्या ग्रुपवर नाही. तिला कुणी विचारलं?

असं संपूर्ण ग्रहण देशभर दिसायला 2018 च्या जुलैनंतर आजचा दिवस उजाडलाय. 3 मार्च 2026 ला पुढचं चंद्रग्रहण आहे, पण आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ते जवळजवळ सुटलेलं असेल. इतकं चांगलं पुन्हा मिळायचं तर 31 डिसेंबर 2028.

तर बाकीच्यांनो, गच्ची रद्द. सगळ्या खाली कट्ट्यावरच बसू, दहाच्या सुमारास चंद्र आग्नेयेला बऱ्यापैकी वर असेल, समोर झाड नाही. वॉचमनला आवारातले दिवे बंद करायला सांगितलंय. पाठीची खुर्ची मी आणते. आणि तू, सुनेला विचार यायचंय का. मला उत्तर देऊ नकोस, आधी तिला विचार.