मावशीची भूक खोटी नाही

‘स्टेरॉइडची खोटी भूक : डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ अशा मथळ्याचा एक मेसेज गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. पहिल्या दोन वेळा मी वाचला आणि सोडून दिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या मावशीने तो मनावर घेतला, आणि पाचव्या दिवशी मिरजेत एका दवाखान्यात तिच्या उशाशी बसायची वेळ माझ्यावर आली.

मावशीला पेम्फिगस आहे. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते, मग तोंडात आणि अंगावर फोड येतात, फुटतात, सोलवटतात. तिची सुरुवात तोंडातून झाली. ‘तोंड आलंय’ म्हणत चार महिने ग्लिसरीन लावण्यात आणि बी-कॉम्प्लेक्स खाण्यात गेले. वरणभात मिक्सरमधून काढायचा, गार करायचा आणि चमच्याने गिळायचा, तोही डोळ्यांतून पाणी काढत. नऊ किलो वजन उतरलं. मग निदान झालं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं, काही आठवड्यांत तोंडातल्या जखमा भरून आल्या आणि भूक सुटली. जेवून उठून हात धुवेपर्यंत पुन्हा लागायची अशी भूक. गोळ्या लिहून देताना याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळे तिने एकच अर्थ लावला, की आपण हावरट झालोय.

मी तिच्याकडे राहायला गेले होते, तेव्हा रात्री अडीचला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा नव्हता. मावशी ओट्याशी उभी राहून दुपारची भाकरी दह्यात कुस्करून खात होती. डब्याचं झाकण वाजू नये म्हणून त्याखाली नॅपकिन धरला होता. मला बघून तिने वाटी पदराआड केली. “काय करू गं, पोटात नुसती आग पडल्यागत होतंय,” म्हणाली. एकसष्ट वर्षांची बाई, स्वतःच्या घरात, स्वतः थापलेली भाकरी चोरून खात होती.

आता त्या मेसेजकडे वळते. सर्वात घातक मुद्दा त्यांनी शेवटी ठेवलाय, मी तोच आधी घेते.

‘गोळ्या बंद करा, सात दिवस लंघन करा. लंघन हे परम औषध. उपाशी शरीर रोगट पेशी खाऊन टाकतं. या शोधाला जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालंय.’

यातलं पहिलंच वाक्य माणूस मारू शकतं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात. रक्तदाब टिकवायला, रक्तातली साखर राखायला, आजारपणाचा ताण सोसायला ते लागतंच. बाहेरून काही आठवडे स्टेरॉइड मिळत राहिलं की या ग्रंथी आपलं काम थांबवतात. म्हणूनच डॉक्टर गोळी एकदम तोडत नाहीत, थोडी थोडी उतरवतात, ग्रंथींना पुन्हा जागं व्हायला वेळ देतात. गोळी एका दिवसात बंद केली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही अशी गत होते. त्यावर उपास केला तर साखरेचा उरलासुरला आधारही जातो.

मावशीने नेमकं हेच केलं. दहा आठवडे औषध झालं होतं, डोस 30 मिलिग्रॅमवर आला होता. शनिवारी शेवटची गोळी घेतली, रविवारपासून गरम पाणी आणि लिंबू. मंगळवारी फोनवर तिचा आवाज खोल गेलेला वाटला, मी विचारलं तर “झोप झाली नाही” म्हणाली. बुधवारी उलट्या, आणि रात्री मोरीच्या दारात चक्कर येऊन पडली. काका तिला रिक्षात घालून घेऊन गेले तेव्हा रक्तदाब 80 वर 50 होता. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सलाईन मिळालं, तासाभरात डोळे उघडून बोलायला लागली. डॉक्टरांनी काय काय घेतलं ते विचारलं तेव्हाही ती खरं सांगेना. मी घरी जाऊन गोळ्यांची पाकिटं मोजली, बारा गोळ्या जास्त निघाल्या. रोजच्या तीन, म्हणजे चार दिवस. मग तिने मोबाईल उघडून मेसेज दाखवला.

नोबेलचं म्हणाल तर, योशिनोरी ओसुमी यांना 2016 साली ते मिळालं हे खरं आहे. पेशी आपलाच टाकाऊ भाग मोडून पुन्हा कशा वापरतात, त्यामागची यंत्रणा त्यांनी उलगडली, त्याबद्दल मिळालं. प्रयोग केले ते यीस्टवर, पाव फुगवायच्या त्या किण्वावर. उपाशी ठेवलेल्या यीस्टमध्ये ही क्रिया दिसते, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे, तेवढं मी मान्य करते. पण उपासाने पेम्फिगस, ल्युपस किंवा संधिवात बरा होतो, असं त्या पारितोषिकात कुठेही म्हटलेलं नाही. आणि नोबेलवरच भरवसा ठेवायचा असेल, तर स्टेरॉइडलाही नोबेल आहे. हेंच, केंडल आणि राइकस्टाइन या तिघांना ॲड्रिनल ग्रंथींच्या हार्मोन्सवरच्या कामासाठी ते 1950 साली मिळालं. हेंच यांनी 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली.

‘लंघन परम औषध’ म्हणणाऱ्यांनी आपलाच ग्रंथ नीट वाचावा. चरकसंहितेत ज्वराच्या सुरुवातीला लंघन सांगितलंय, पण तिथेच क्षयातून, म्हणजे शरीर झिजल्यामुळे, आलेल्या ज्वराला ते वर्ज्य केलंय. लंघन द्यायचं तेसुद्धा प्राणाला विरोध न करणारं, कारण आरोग्य बळावर टेकलेलं असतं, असं त्याच अध्यायात आहे. नऊ किलो उतरलेल्या बाईला सात दिवस उपाशी ठेवणं यात कुठे बसतं?

‘स्टेरॉइड म्हणजे विष, त्याची गरज कुणालाच नसते,’ हा त्याचाच जोडमुद्दा. स्टेरॉइड येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. सोलवटलेल्या अंगातून पाणी आणि प्रथिनं झिरपत राहायची, जंतुसंसर्ग व्हायचा, संपलं. याच आजारावर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी दर महिन्याला तीन दिवस शिरेतून मोठा डोस देण्याची पद्धत बसवली आणि ती देशभर वापरली गेली. आज प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं रिटुक्सिमॅब हे औषध आलंय, त्यामुळे स्टेरॉइड लवकर कमी करता येतं. पण फोड फुटत असताना आग विझवायला आधी धावून येतं ते स्टेरॉइडच. त्याचे दुष्परिणाम आहेतच. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग लवकर होतो. ते लपवायचं कारण नाही, आणि तेवढ्यासाठी गोळी फेकून द्यायचंही कारण नाही.

याच मेसेजच्या तळाशी ‘सांधेदुखी आणि त्वचारोगावर रामबाण’ चूर्णाचा मोबाईल नंबर आहे. हे मला सर्वात जास्त झोंबलं. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडच मिसळलेलं आपल्याकडे अनेकदा सापडलेलं आहे. पुडी सुरू केल्यावर दोन दिवसांत दुखणं पळालं, भूक सुटली, चेहरा गोल होत गेला, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि तीही एकदम बंद करू नका, त्यांना विचारूनच करा.

आता ‘ही भूक खोटी, मन घट्ट केलं की जाते’ या वाक्याबद्दल. माझी मावशी चाळीस वर्षं दोन्ही एकादश्या करते, चातुर्मासात एकभुक्त राहते. आषाढीला पाण्याच्या घोटावर दिवस काढून तिने आम्हा सगळ्यांना वाढलंय. तिला मनोनिग्रह शिकवणारे तुम्ही कोण?

आणि याचा पुरावा आहे. 1996 साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. निरोगी पुरुष घेतले, कुणालाही कसला आजार नाही. काहींना स्टेरॉइड दिलं, काहींना नुसतंच खोटं औषध. जेवण यंत्रातून आपलं आपण काढून घ्यायचं, हवं ते आणि हवं तितकं. अवघे चार दिवस. तेवढ्यात स्टेरॉइड घेणारे दुसऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जेवायला लागले. संशोधकांचा निष्कर्ष असा, की स्टेरॉइडने वजन वाढतं ते मुख्यतः खाणं वाढल्यामुळे. म्हणजे धडधाकट माणसांचीही चार दिवसांत ही गत होते. आजाराने खंगलेल्या बाईला आठवड्यामागून आठवडे तेच औषध चालू असताना ‘मन मार’ म्हणून सांगणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात भूक चेतवणारी रसायनं या औषधाने वाढतात, आणि पोट भरल्याचा निरोप देणाऱ्या लेप्टिनला तिथे कुणी दाद देत नाही. पोट भरलेलं असतं, पण निरोप पोचत नाही. त्या माणसाला लागणारी भूक शंभर टक्के खरी असते.

‘चेहरा सुजतो तो खादाडपणामुळे.’ नाही. या औषधाने चरबीची जागा बदलते. ती गालांवर, मानेमागे, पोटावर जमते, हातपाय मात्र बारीक होतात. जास्त खाल्ल्याने एकूण वजन वाढतं हे खरं, आणि मीठ जास्त झालं तर अंगात पाणी धरतं हेही खरं. तेवढ्यापुरता मेसेजमधला पापड-लोणचं टाळायचा सल्ला बरोबर आहे, तो मी घेतला.

‘भूक लागली की ती तहान असते, दर तासाला गरम पाणी प्या.’ पाण्याने पोटाला दहा मिनिटं बरं वाटतं. पण सतत भूक, सतत तहान आणि वारंवार लघवी अशी तिन्ही एकत्र आली, तर पाण्याचा तांब्या भरण्याआधी साखर तपासा. यात एक गोम आहे. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतात, आणि साखर चढते ती दुपारनंतर. उपाशीपोटीची तपासणी बरेचदा छान येते आणि घरातले निर्धास्त होतात. मावशीची सकाळची 96 होती, दुपारी जेवणानंतर दोन तासांनी 238. हा आकडा कळल्यावर तिच्या त्या ‘आग पडल्यागत’चा अर्धा उलगडा झाला.

‘सतत भूक म्हणजे जंत.’ जंत होतात, नाही कुठे? शाळांतून वर्षातून दोनदा मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात ती त्यासाठीच. शंका असेल तर शौचाची तपासणी करा, विषय संपला. पण गोळी सुरू झाल्यावर भूक सुरू झाली असेल, तर आधी गोळीकडे बघा. भूक वाढवणारं स्टेरॉइड हे एकच औषध नाही. ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांसारखी मानसिक आजारांवरची औषधंही भूक वाढवतात. मधुमेहात इन्सुलिन जास्त झालं आणि साखर उतरली तर घाम फुटून, हात थरथरून भूक लागते. थायरॉइड वाढलं की खाऊनही वजन उतरतं. टीबीच्या रुग्णाला मात्र उपचार सुरू झाल्यावर भूक लागायला लागली तर ते बरं होण्याचं लक्षण. प्रत्येक भुकेचं कारण वेगळं, आणि मेसेजमध्ये सगळ्यांना एकच काढा.

आम्ही मग काय केलं ते सांगते, कारण अनेक घरांत हेच चालू असणार. भूक डॉक्टरांना मोठ्याने सांगितली. रोजचा डोस सकाळी न्याहारीबरोबर एकदाच, तसाच ठेवला. साखरेसाठी वेगळी गोळी सुरू झाली, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व आधीपासून होतंच. ताटात मटकीची मऊ शिजवलेली उसळ, मुगाचं धिरडं, अंडं, घट्ट दही वाढलं, भात आणि साखरेचा चहा कमी केला. भूक यानेही जात नाही, पण दोन जेवणांत तीन तास निघतात. फुटाणे तिच्या तोंडाला अजून टोचतात, म्हणून ते वगळले. आणि रात्रीचं खाणं काका झोपायच्या आधी स्वतः काढून ठेवतात : दोन उकडलेली अंडी, सोललेली काकडी, ताकाचा गडू, आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू. त्यांनीच तिला ‘सारखं काय खातेस’ म्हटलं होतं, हे त्यांनी माझ्याजवळ मान्य केलं.

ज्या भावाने ग्रुपवर तो मेसेज टाकला होता, त्याला मी फोन केला. “चांगल्यासाठीच टाकला होता गं,” म्हणाला. टाकला असेल. ग्रुपवर आता त्याच मेसेजखाली मी हेच सगळं लिहून ठेवलंय, आणि एक ओळ वेगळी : स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाने गोळ्या थांबवल्या असतील आणि उलट्या, चक्कर, गळून गेल्यासारखं होत असेल, तर तडक दवाखान्यात न्या आणि गोळ्या कधीपासून बंद आहेत ते आधी सांगा.

मावशीचा डोस आता 15 वर आलाय. परवा फोनवर म्हणाली, “रात्री एकदाच उठतेय आता. काल अंडं एकच खाल्लं, दुसरं सकाळी ह्यांनी खाल्लं.”