‘पिणाऱ्यावरच राज्य चालते’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: पिणाऱ्यांच्या पैशावर कर्नाटक सरकार चालते आणि गृहलक्ष्मी योजनेतून घरातल्या बाईला महिन्याला मिळणारे दोन हजारही त्यांच्याच खिशातून येतात, तेव्हा त्यांना कुणी नावे ठेवू नयेत, बेताने घेतलेली दारू औषधच असते, कष्ट करणाऱ्याला रात्री झोप लागायला ती लागतेच, बंदी आणली की लोक विषारी दारू पिऊन मरतात, आणि ज्याला सोडायची असेल त्याने मनाचा हिय्या करून माळ घालावी, डॉक्टरकडे जाण्याचे कारण नाही. चांगली शिकलेली माणसेही हा संदेश पुढे पाठवत आहेत, म्हणून त्याचे मुद्देसूद उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

आधी पैशाचा मुद्दा घेतो, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. कर्नाटकाच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अबकारी खात्यापुढे ४०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, हे खरे आहे. मार्च २०२५ मध्ये तर, बायकांना महिन्याला दोन हजार देता तर पुरुषांना आठवड्याला दोन बाटल्या फुकट द्या, अशी मागणी एका आमदाराने विधानसभेतच केली होती. पण तिजोरीत पडण्यापूर्वी हा पैसा कुणाच्या घरातून निघतो, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. रोजची दारू नुसती ८० रुपयांची धरली तरी महिन्याचे २,४०० रुपये होतात. म्हणजे त्या घरात गृहलक्ष्मीचे २,००० जमा झाले तरी ४०० रुपयांची खोट उरतेच, आणि ८० रुपयांवर रोज थांबणारा माणूस विरळा. गवंडीकामाचा आठवड्याचा पगार ज्या संध्याकाळी वाटला जातो, त्या संध्याकाळी ठेकेदाराच्या दारापाशी बायका येऊन थांबलेल्या दिसतात. कुणाच्या कडेवर मूल असते, कुणाच्या मुठीत किराणा दुकानदाराने लिहून दिलेली उधारीची चिठ्ठी असते, आणि नवऱ्याने नोटा खिशात घालण्याआधी त्यातले पाचशे तरी आपल्या हातावर पडावेत, एवढ्यासाठी त्या ताटकळत राहतात. ज्या बाईच्या संसारातून हा महसूल उचलला जातो, तिलाच त्याबद्दल उपकृत राहायला सांगणे हा धडधडीत अन्याय आहे.

शिवाय महसुलाची ही फक्त जमेची बाजू झाली. अपघात, इस्पितळातले उपचार, बुडालेली मजुरी आणि अकाली मृत्यू यांचा खर्च धरला, तर दारूमुळे होणारे नुकसान तिच्या उत्पन्नापेक्षा मोठे ठरते, असे बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या अभ्यासकांनी कर्नाटकाचाच हिशेब मांडून दाखवलेले आहे. आणि बायकांचे म्हणणे काय, हे विचारण्याचीही गरज नाही. जानेवारी २०१९ मध्ये राज्यातल्या हजारो ग्रामीण स्त्रिया दारूबंदीची मागणी घेऊन चित्रदुर्गहून बेंगळुरूपर्यंत सुमारे २०० किलोमीटर पायी गेल्या होत्या.

‘बेताने घेतली तर औषध’ हे विधान एके काळी काही डॉक्टरही करत असत, कारण थोडी पिणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे काही पाहण्यांमधून वाटत होते. पुढे त्या पाहण्यांतली खोच लक्षात आली. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात, आधी भरपूर पिऊन आजारी पडलेली आणि मग नाइलाजाने सोडलेली माणसेही मोजली गेली होती, त्यामुळे तो गट मुळातच जास्त आजारी दिसत होता. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिच्याच संस्थेने १९८८ पासून दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. तंबाखूही त्याच गटात आहे, आणि तंबाखू म्हणजे काय हे निपाणीच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध झालेला आहे. आपल्याकडे सर्दी झाली की तान्ह्या मुलालाही चमचाभर ब्रँडी पाजतात, तेही याच समजुतीपोटी. लहान मुलाच्या रक्तातली साखर दारूमुळे एकदम घसरू शकते आणि त्यातून मूल बेशुद्ध पडू शकते, म्हणून हा प्रकार आजच्या आज थांबला पाहिजे.

झोपेचे म्हणाल तर डोळा लवकर लागतो, हे खरे. पण उत्तररात्री झोप मोडते, घसा कोरडा पडतो आणि अंग सकाळी आधीपेक्षा जड वाटते. मग तो जडपणा घालवायला पुन्हा दारूच आठवते. ‘एक क्वार्टर म्हणजे काय ती!’ असे सहज म्हटले जाते. १८० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि ते निचरायला शरीराला सहा ते आठ तास लागू शकतात. काळी कॉफी, लिंबू किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी त्यातले एक मिनिटही कमी होत नाही. रात्री उशिरा क्वार्टर घेऊन पहाटे ऊस भरलेला ट्रॅक्टर किंवा हायवेवर ट्रक काढणाऱ्याच्या रक्तात म्हणूनच दारू शिल्लक असते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे.

बंदीच्या मुद्द्यात तथ्याचा अंश आहे आणि तो मी नाकारत नाही. गुजरात आणि बिहारमध्ये बंदी असूनही विषारी दारूने माणसे मेली आहेत. पण २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक जण दगावले आणि जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कळ्ळकुरिचीत साठाहून अधिक, तेव्हा त्या दोन्ही राज्यांत दारूची दुकाने उघडी होती; तमिळनाडूत तर ती सरकारच चालवते. माणसे मेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने, आणि स्वस्त नशेच्या चोरट्या धंद्यावर कुणाचा वचक नव्हता म्हणून. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायी म्हणजे स्वस्त देशी दारू बंद केली, तेव्हा पिणारे स्वस्त व्हिस्कीच्या पाकिटांकडे वळले. आमच्या भागात तर चोर्ला घाट उतरला की गोव्याची स्वस्त दारू आणि चंदगडच्या बाजूला महाराष्ट्राची हद्द, त्यामुळे एकट्या कर्नाटकाच्या नियमांनी सगळे भागत नाही, हेही मान्य. यातून तिन्ही राज्यांच्या अबकारी खात्यांनी मिळून काम करावे, असा निष्कर्ष निघतो. पिणाऱ्याला कुणी काही बोलू नये, असा निघत नाही.

आता माळेविषयी, आणि हे जरा सविस्तर लिहितो, कारण येथे चुकीचा सल्ला जिवावर बेतू शकतो. सीमाभागातली कितीतरी घरे वारकरी परंपरेमुळे सावरली आहेत. माळ घातलेल्या माणसाला जुने सोबती आग्रह करत नाहीत, भजनामुळे संध्याकाळची रिकामी वेळ भरते आणि गावात त्याचा मान परत येतो. हा आधार कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. परंतु वर्षानुवर्षे सकाळी उठल्यापासून पिणाऱ्या माणसाने कार्तिकीला माळ घालून एका दिवसात दारू तोडली, तर पहिल्या दिवशीच त्याचे हात असे कापू लागतात की चहाची बशी धरवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाम सुटतो, आकडी येऊ शकते, आणि काही जण अंगावर नसलेले किडे वेचू लागतात, घरातल्या माणसांना ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. तो दारू अचानक तुटल्यामुळे बिथरलेला मेंदू असतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात मृत्यूही येतो. डॉक्टर अशा वेळी शांत करणारी गोळी देऊन तिचे प्रमाण दिवसागणिक उतरवत नेतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा माळ जरूर घालावी, पण अशा माणसाने त्याआधी इस्पितळात दाखवून घ्यावे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

राहिला ‘मनाचा हिय्या करावा’ या सल्ल्यात दडलेला मनाच्या कमकुवतपणाचा आरोप. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकालाच काही ना काही उपचार मिळालेले होते. उरलेल्या ३७ जणांना दुबळे ठरवण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत उपचार पोचले का, हे पाहायला हवे. आमच्या लोकांसाठी बेळगावचे जिल्हा इस्पितळ आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था ही सरकारी ठिकाणे हाताशी आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा देशभरातला निःशुल्क क्रमांक आहे, आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर भाषा निवडता येत असल्यामुळे कन्नड न येणाऱ्या आईला किंवा पत्नीलाही मराठीतून बोलता येते.