पंधरा अक्षरांचा शब्द आणि पोराचा अंगठा

पारोळ्याहून ताईचा फोन. "बापू, तुले एक मेसेज धाडेल शे. हाई खरं शे का?"

मेसेज ओळखीचाच निघाला. 'इंग्रजी भाषेतील अद्भुत चमत्कार' असं त्याचं नाव, मागे उगवता सूर्य. महिनाभर सगळ्या ग्रुपांवर फिरतोय आणि मीही न वाचता पुढे सरकवत आलो. ताईकडे आला त्याला मात्र शेपूट होतं: रविवारी सकाळी दहाला मंगल कार्यालयात पाल्याच्या दहा बोटांचे ठसे घेऊन त्याची जन्मजात बुद्धी सांगितली जाईल, फी साडेचार हजार. ताईनं पाचशे आगाऊ भरूनही टाकले. कापूस भावाची वाट बघत घरात पडलाय आणि चौथीतल्या भाच्याच्या बोटांवर साडेचार हजार! तेव्हा कुठे मी तो मेसेज पहिल्यांदा नीट वाचला.

पहिला चमत्कार म्हणे, पाचही स्वर असलेला इंग्रजीत एकच शब्द, एज्युकेशन. म्हणून शिक्षण परिपूर्ण. अहो, भाजीबाजारात जा. आपण नुसतं फ्लॉवर म्हणतो, त्याचं पूर्ण नाव कॉलीफ्लॉवर. त्यात ए, यू, आय, ओ, ई, पाचही आहेत. इक्वेशन, रेग्युलेशन यांतही आहेत. न्यूमोनियातही आहेत, मग तोही परिपूर्ण का?

दुसरा, ए-ई-आय-ओ-यू याच क्रमाने स्वर येणारे दोनच शब्द: ॲबस्टीमियस, म्हणजे खाण्यापिण्यात संयम राखणारा, आणि फसीशस, म्हणजे नको तिथे थट्टा करणारा. अर्थ बरोबर, 'दोनच' चूक. आर्सेनिकच्या संयुगांसाठी रसायनशास्त्रात आर्सीनियस शब्द आहे, त्यातही हाच क्रम. उलट क्रम हवा तर सबकॉन्टिनेन्टल घ्या. आपण राहतो तो उपखंडही या पंडिताला दिसला नाही.

तिसरा, पंचेचाळीस अक्षरांचा तो प्रसिद्ध आजार: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. ज्वालामुखीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा. शब्द डिक्शनरीत आहे, हे मान्य करावंच लागेल. पण तो कोणा डॉक्टरला सापडलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी लांबच लांब शब्द हवा म्हणून तो जुळवला. दगडाच्या खाणीत काम करणाऱ्याची छाती भरते तेव्हा डॉक्टर सिलिकोसिस एवढंच लिहितात. 'हा शब्द एका दमात म्हणणाऱ्या मुलाची स्मरणशक्ती दुप्पट होते' ही ओळ मी सोडून देतो.

खरी मेख चौथ्यात. 'एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब, पंधरा अक्षरांचा एकमेव शब्द: डर्मॅटोग्लिफिक्स. अर्थ: बोटांच्या रेषांवरून मेंदू वाचण्याचे शास्त्र. जसे प्रत्येक अक्षर वेगळे, तसा प्रत्येक मुलाचा मेंदू वेगळा.'

मी वहीवर अक्षरं मोजली. पंधरा आहेत आणि एकही पुन्हा येत नाही, खरंय. पण एकमेव? अनकॉपीराइटेबल मोजा, ज्यावर कॉपीराइट घेता येत नाही असा. तोही पंधराचा, त्यातही एक अक्षर दुबार नाही. त्यातून कोणाची बुद्धी वाचायची?

अर्थ तर सरळ खोटा. हा शब्द १९२६ साली हॅरोल्ड कमिन्स आणि चार्ल्स मिडलो यांनी घडवला. ग्रीकमधला त्वचा आणि कोरीव काम, या दोन शब्दांचा जोड. हातापायांच्या त्वचेवरच्या रेषांचा अभ्यास, बस. मेंदू त्यात कुठेच नाही. अभ्यास खरा आहे, हेही कबूल. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावरच्या खुणा कमिन्सनीच नोंदवल्या होत्या. ठशांवरून माणूस ओळखायचं काम तर आपल्याकडेच उभं राहिलं: १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली आणि तिथली वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा हात होता. ते ठशावरून माणूस कोण ते शोधत होते, तो गणितात हुशार का ते नव्हे.

मेसेजवाल्यांचा युक्तिवाद असा की रेषा आणि मेंदू गर्भात एकाच वेळी घडतात. एका वेळी तर मूत्रपिंडही घडतं. शिवाय सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या झालेल्या रेषा पुढे तशाच राहतात, मेंदू मात्र जन्मानंतर वर्षानुवर्षं बदलत राहतो.

मी आधार आणि रेशनच्या केवायसीचं केंद्र चालवतो. दिवसभर अंगठेच बघतो. वेचणीच्या दिवसांत बायका येतात, वाळक्या बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली, रेषा घासून गेलेल्या. मशीन घेत नाही. ओल्या फडक्याला पुसा, केसांवरून फिरवा, पुन्हा टेकवा. परवा एक आजी चार वेळा अंगठा लावून कंटाळल्या, शेवटी डोळ्यांवर काम भागलं. तोवर बाकावर बसून त्यांनी शेजारणीचा हिशेब तोंडी केला: किती किलो वेचला, किलोमागे काय दर, त्यातून उचल किती वजा. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिला, रुपयाचाही फरक नव्हता. आणि अंगठा कोरा!

हे सगळं ताईला सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते पाचशे परत भेटतीन का?"

रविवारी दहाला मी पारोळ्याला जातोय. पावती आणायला सांगितलीय.