स्टार वॉर्सवर धड भांडूही देत नाहीत ही माणसं

स्टार वॉर्स या अंतराळातल्या सिनेमांच्या मालिकेचा विषय निघाला की आता माझ्या पोटात गोळाच येतो. एक जण म्हणतो, '१९७७ ते १९८३मधले जुने तीनच खरे, बाकी सगळा कचरा.' दुसरा 'डिस्नेने वाट लावली' म्हणत त्याची री ओढतो. पाच मिनिटांत सगळा मोर्चा नव्या सिनेमांतली नायिका रे आणि तिच्या बाजूने लढणारी रोज या दोन मुलींवर वळतो. दर वेळी हेच. वीट आलाय मला. जास्त चीड याची येते की नव्या सिनेमांबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, ढीगभर आहेत. पण त्या बोलून दाखवल्या की माझी पाठ थोपटायला नेमकी तीच माणसं पुढे येतात, ज्यांच्या वाऱ्यालाही मला उभं राहायचं नाही.

आणि हे 'जुने दिवस' तरी कसले? १९८० साली मालिकेतला दुसरा सिनेमा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आला तेव्हा सगळ्या जगाने तो डोक्यावर घेतला, असं छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं आहे हे. न्यूयॉर्क टाइम्सचा समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी याला तो अजिबात रुचला नव्हता, आणि गोष्ट अर्ध्यावर सोडली म्हणून कुरकुरणारेही होते. १९८३च्या तिसऱ्या सिनेमात इवॉक नावाचे बुटके केसाळ प्राणी आले तर 'खेळणी विकायला टेडी बेअर आणले' अशी ओरड झाली. १९९९च्या 'फँटम मेनेस'नंतर जार जार बिंक्स या विनोदी पात्रावरून जे झालं ते तर किळसवाणं होतं. ती भूमिका करणारा अहमद बेस्ट तेव्हा पंचविशीतला पोरगा होता. त्या काळात आपण जीव द्यायच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, हे त्याने स्वतः २०१८मध्ये सांगितलं. पुढच्या दोन सिनेमांत तरुण नायक अनाकिन झालेल्या हेडन क्रिस्टेन्सनच्या माथी दोनदा रॅझी मारला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट अभिनयाचा पुरस्कार. आणि २०२२मध्ये तोच हेडन 'ओबी-वान केनोबी' या टीव्ही मालिकेत परतला तेव्हा चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी! मला आनंदच झाला त्याच्यासाठी. पण तेव्हा त्याला सोलून काढणाऱ्यांपैकी किती जणांनी 'आमचं चुकलं' म्हटलं? मी तरी एकही ऐकला नाही. ते पुढची शिकार शोधायला निघून गेले होते.

ती शिकार म्हणजे रे. 'तिला सगळं आयतं येतं, शिकत काहीच नाही.' अरे, १९७७मध्ये पहिल्या सिनेमाचा नायक ल्यूक पहिल्यांदा एक्स-विंग या लढाऊ यानात बसतो आणि त्याच उड्डाणात शत्रूचा महाकाय अंतराळ तळ, डेथ स्टार, उडवतो! 'फँटम मेनेस'मधला अनाकिन तर नऊ वर्षांचा आहे, ऑटोपायलटवर निघालेल्या यानातून शत्रूचं अख्खं कंट्रोल शिप फोडतो. पोरांनी केलं की फोर्स या गूढ शक्तीची कृपा, मुलीने केलं की लेखन ढिसाळ. हा न्याय कुठला?

मला २०१७चा 'द लास्ट जेडाय' मनापासून आवडतो. त्यातला जुगारी शहराचा भाग रेंगाळतो, हेही मी उघड म्हणतो. पण शेवटची क्रेट ग्रहावरची लढत बघा. वर मिठाचा पांढरा थर, खाली लालभडक माती. पाऊल टाकलं की लाल ठसा उमटतो. खलनायक कायलो रेन पाय घासत वळतो आणि मिठावर लाल ओरखडा उठतो. समोरचा, आता म्हातारा झालेला ल्यूकही हलतो, वाकून वार चुकवतो, पण त्याच्या पायाखालचं मीठ जसंच्या तसं. हातात प्रकाशाच्या तलवारीसारखा निळा लाइटसेबर आहे, जो थोड्याच वेळापूर्वी आपल्या डोळ्यांदेखत तुटलाय. ल्यूक तिथे नाहीच, दिसतो तो नुसता भास, हे दिग्दर्शक रायन जॉन्सनने सगळं समोर मांडून ठेवलंय आणि तरी आपण फसतो. अशा एका प्रसंगावर तासभर बोलावं, पटलं नाही तर वाद घालावा, यासाठीच तर चार माणसं सिनेमा एकत्र बघतात ना? पण मी 'क्रेट' म्हणायचा अवकाश, समोरून उत्तर ठरलेलं: 'ती रोज कशाला घेतली?'

रोजचं काम करणाऱ्या केली मेरी ट्रॅनचा इतका छळ झाला की २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकल्या. तिचा वंश, तिचं दिसणं, काही म्हणून सोडलं नाही. आणि २०१९च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये रोज उरली किती? जेमतेम सव्वा मिनिट. ल्यूकची बहीण लिया हिच्याबरोबरचे तिचे प्रसंग तांत्रिक अडचणीमुळे गळले, असा खुलासा पटकथाकाराने केला. मला तो पुरेसा वाटत नाही. रेचे आईबाप कुणी मोठे नव्हते, ही २०१७मधली सगळ्यात धाडसी गोष्ट होती. तीही पुसली आणि रेला जुन्या सिनेमांतल्या दुष्ट सम्राटाची, पॅल्पटीनची, नात करून टाकलं. मला यात सरळ भीती दिसते, आरडाओरड करणाऱ्यांची भीती. म्हणजे ज्यांनी 'सिनेमे बिघडवले' म्हणून गळा काढला, त्यांच्याच दहशतीखाली सगळ्यात वाईट सिनेमा बनला. हे बोललं की मी खोटा चाहता!

भांडायचंच असेल तर मुद्दे काय कमी आहेत? डिस्नेने चार अब्ज डॉलर मोजून २०१२मध्ये स्टार वॉर्स बनवणारी लुकासफिल्म घेतली, मग तीन सिनेमांची गोष्ट आधी बसून का ठरवली नाही? २०१५च्या सिनेमात पुन्हा वाळवंटी ग्रह, पुन्हा ड्रॉइडच्या, म्हणजे यंत्रमानवाच्या, पोटात गुपित, पुन्हा डेथ स्टार, फक्त आकाराने मोठा. का? तिसऱ्या भागाचा दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो मध्येच बाजूला झाला आणि २०१५चा सिनेमा करणाऱ्या अब्राम्सला परत बोलवावं लागलं. लियाचं काम करणारी कॅरी फिशर वारली होती, तिची उरलेली दृश्यं जोडून काम भागवावं लागलं. ती अडचण खरी होती, ते मी समजू शकतो. पण पॅल्पटीन मेलेला परत कसा येतो? रेच्या बाजूचा वैमानिक पो डॅमरन एका वाक्यात 'आला कसातरी' म्हणून मोकळा होतो. पॅल्पटीनने साऱ्या आकाशगंगेला दिलेली धमकी सिनेमात ऐकूच येत नाही. ती ऐकवली कुठे, तर फोर्टनाइट या व्हिडिओ गेममध्ये! तिकीट काढून आलेल्या माणसाला गोष्टीचा मूळ धागाच मिळत नाही, याचा संताप का येत नाही कुणाला?

यावर मी पहाटेपर्यंत भांडायला तयार आहे. केली मेरी ट्रॅनच्या दिसण्यावर एक शब्दही ऐकून घेणार नाही.