जॅकेट घातलं म्हणून सर्व्हिस डॉग होत नाही

माझ्या नवऱ्यासाठी सर्व्हिस डॉग, म्हणजे आजारी किंवा अपंग माणसाला मदत करायला शिकवलेला कुत्रा, मिळावा म्हणून आम्ही एका संस्थेच्या रांगेत आहोत. दिवाळीच्या फराळाला जमलो होतो तेव्हा इथल्या, अमेरिकेतल्या, मराठी मंडळातल्या एका काकूंनी मायेनेच सुचवलं, "अगं, दीड वर्ष कसली वाट बघताय? ऑनलाइन ते सर्व्हिस डॉगचं लाल जॅकेट मिळतं, सर्टिफिकेटसुद्धा येतं. एखादा कुत्रा घ्या आणि घाला त्याला." तेव्हा मी गप्प बसले. पण हे आजवर पाच-सहा जणांनी सांगितलंय, म्हणून आज लिहिते.

माझा नवरा अमेरिकन सैन्यात होता. अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आला. त्याला पीटीएसडी आहे, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहून जाणारा आघाताचा आजार. औषधं आणि थेरपी चालू आहे, तरी आठवड्यातल्या दोन-तीन रात्री तो झोपेत ओरडतो, हात झाडतो. अशा वेळी त्याला हात लावायचा नाही, हे मी मनगट मुरगळल्यावर शिकले. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून लांबूनच हाक मारायची. साताऱ्याला माझी आजी आजोबांना असंच उठवायची. रात्री दोन वाजता पायाशी उभी राहून म्हणायची, "अहो, उठा, सकाळ झाली." आजोबा 65 च्या लढाईत होते. आमच्या घरात त्या रात्रींना काही नाव नव्हतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतही हे निदान 1980 साली आलं.

आजी करायची आणि मी करते, तेच काम आम्हाला मिळणारा कुत्रा करणार आहे. स्वप्न सुरू झालं की नाकाने ढोसून जागं करायचं, छाती धडधडायला लागली की मांडीवर अंग टाकून वजन द्यायचं, दुकानाच्या रांगेत पाठीमागे उभं राहायचं, म्हणजे मागून कोणी एकदम जवळ येत नाही. हे शिकायला दीड-दोन वर्षं लागतात. आधी पिल्लू कुणाच्या तरी घरी वाढतं, बाजारात, बसमध्ये, गर्दीत नेलं जातं, मग प्रशिक्षकाकडे जातं. एका कुत्र्यामागे 20 हजार डॉलरच्या वर खर्च सहज होतो. माजी सैनिकांना तो फुकट देणाऱ्या संस्था आहेत, पण कुत्रे कमी आणि मागणारे फार.

इथल्या कायद्यात सर्टिफिकेट लागतच नाही. देशपातळीवर सरकारी नोंदणी अशी नाही, त्यामुळे ऑनलाइन विकतात तो कागद निव्वळ कागद आहे. स्वतः कुत्रा शिकवायलाही कायद्याची मुभा आहे, आणि ज्यांना जमतं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण न शिकवलेला कुत्रा जॅकेट घालून दुकानात भुंकतो, कुणाच्या अंगावर जातो, तेव्हा पुढच्या खऱ्या कुत्र्याला दारातच अडवलं जातं. आणि दारात वाद घालणं हीच गोष्ट माझ्या नवऱ्याला सगळ्यात जड जाते.

मला राग आहे तो सरकारवर. माजी सैनिकांचं खातं पात्र ठरलेल्यांच्या कुत्र्याच्या दवाखान्याचा खर्च देतं, पण कुत्रा देत नाही. 2021 मध्ये कायदा झाला, त्यातून पाच शहरांत पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला, त्यात सैनिक स्वतः कुत्र्यांना शिकवतात. पाच शहरं! एवढ्या मोठ्या देशात! 2024 साली एक अभ्यास छापून आला. कुत्रा मिळालेले 81 जण आणि वाट बघणारे 75 जण, उपचार दोघांचेही चालू. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांचा त्रास स्पष्ट कमी होता. मी मात्र त्या 75 जणांचाच विचार करत बसले. त्यांच्या घरी रात्री कोण उठत असेल?

गेल्या महिन्यात संस्थेतून फोन आला. नवऱ्यासाठी पाहून ठेवलेला लॅब्राडॉर प्रशिक्षणातून बाद झाला. सामानाच्या ढकलगाड्यांच्या आवाजाने तो दचकतो, ते काही केल्या जाईना. आम्ही पुन्हा रांगेत. मला रडू आवरेना. नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्यांना विचार ना, त्याला चांगलं घर मिळालं का."